कॉमन प्लॉटवरचं ऊन

सुरतेत, डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल बसले आणि बिबडे खाली आले. पुढे जे घडलं त्याची सगळी बातमी या एका वाक्यात होती. तेव्हा ती कोणाच्या लक्षात आली नाही. माझ्याही नाही, आणि माझी नोकरी तर इथल्या एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर बातमी ओळखण्यातच गेली.

बिबडे म्हणजे ज्वारीचे मोठे पापड, असं म्हटलं की खान्देशी माणूस दुखावतो; पण याहून सोपं सांगता येत नाही. ज्वारी भिजवून, वाळवून जाडसर दळायची. लसूण, तीळ, जिरं, मिरची घालून मोठ्या पातेल्यात तिचा घाटा शिजवायचा. घाटा गरम असतानाच पाण्याचा हात घेऊन तो ओल्या कापडावर पातळ थापायचा. पहिल्या दिवशी कडक ऊन लागतं. ते मिळालं नाही तर बिबडा आतून आंबतो आणि तळला की चिवट होतो. दुसऱ्या दिवशी तो सोडवून उलटायचा. होळी झाली की हे काम सुरू होतं आणि अक्षय तृतीयेपर्यंत, म्हणजे आमच्या आखाजीपर्यंत चालतं. आज एकीच्या घरचे, उद्या दुसरीच्या. हात मात्र सगळ्यांचे.

पूर्वी हे सगळं गच्चीवर होत असे. पॅनेल आले, गच्ची गेली. विजेचं बिल उतरल्यामुळे कोणी तक्रार केली नाही. सोसायटीच्या मधोमध कॉमन प्लॉट आहे. तिथे गणपती बसतो, गरबा होतो, लग्नाचा मांडव पडतो आणि उरलेल्या दिवसांत मुलं क्रिकेट खेळतात. बायकांनी खाटा तिथे उतरवल्या, खाटांवर जुन्या साड्या पसरल्या आणि काम पुढे सुरू झालं.

या बायकांमध्ये माझी थोरली बहीण, ताई, आहे. मेहुणे सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या, कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस हाऊसमधून निवृत्त झाले असून घरातल्या वादात ते पंख्याचा वेग वाढवण्यापुरता भाग घेतात. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, नगररचना शिकली आणि एका खासगी कंपनीत लागली. कंपनीचं काम थोडक्यात असं: उद्या शहरात चालकाशिवाय धावणाऱ्या विजेच्या गाड्या आल्या, तर त्या चार्ज कुठे आणि कधी व्हायच्या, हे आज ठरवायचं.

‘कुठे’ यावर भाचीकडे चांगलं उत्तर होतं. एक मोठा डेपो बांधण्यापेक्षा सोसायट्यांच्या कॉमन प्लॉटमध्ये चार-चार, पाच-पाच गाड्यांच्या जागा करायच्या. जमिनीत एक सपाट पाट बसवायचा. गाडी स्वतः येऊन त्यावर उभी राहील आणि वायरशिवाय चार्ज होईल. आमची सोसायटी ही तिची पहिली जागा होती. ती तिनेच सुचवली होती. आपल्या घरच्या लोकांना समजावणं सोपं जाईल, असा तिचा हिशोब होता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी प्लॉटवर सभा भरली. गणपतीच्या मांडवाचे पाईप उभे करून त्यांना पांढरी चादर बांधली आणि भाचीने तिच्यावर चित्रं दाखवली. गाड्या फाटकातून आत येत होत्या, रांगेत उभ्या राहत होत्या, निघून जात होत्या. पहिला प्रश्न मागून आला.

“ड्रायव्हरच नाही, तर गाडी आडवी लागली की शिव्या कोणाला द्यायच्या?”

“मला द्या,” भाची म्हणाली. लोक हसले. सभा तिच्या बाजूला झुकली होती.

मग तिने शेवटचं चित्र दाखवलं. ते तिने खास राखून ठेवलेलं होतं. गाड्यांच्या जागांवर उंच छत, छतावर सौर पॅनेल आणि छताखाली बाकांवर बसलेली म्हातारी माणसं. सुरतेच्या उन्हाळ्यात सावली मिळाली तर कोणाला नको असेल?

दुसऱ्या रांगेतून ताई उठली. “ही सावली कुठवर येईल?”

“सगळ्या प्लॉटवर, आई.”

“उन्हाळ्यातबी?”

“उन्हाळ्यात तर जास्तच उपयोग. भर दुपारीसुद्धा प्लॉट थंड.”

रांगेतल्या बायका एकमेकींकडेही पाहत नव्हत्या, आणि ते लक्षण बरं नव्हतं.

“मंग आम्हले नको,” ताई म्हणाली.

सोसायटीचे प्रमुख मूळचे सुरती. त्यांना वाटलं, सावली न आवडणारं कोण असतं, बाईंना नीट कळलेलं नाही. “अरे बेन, छांयडो कोने नी गमे?”

“आम्हले नही गमस,” ताईने त्यांची गुजराती आणि स्वतःची अहिराणी एकाच वाक्यात बसवली. “आम्हले ऊन जोयजे. गच्ची घेतली तेव्हा म्हणाले, खाली प्लॉट आहे ना. आता प्लॉट द्या म्हणतात. अजून खाली कुठं जाऊ, गटारीत?”

या वेळी लोक जास्त हसले. सभा दुसऱ्या बाजूला झुकली. प्रमुखांनी मार्चअखेर पुन्हा बसू असं सांगितलं आणि चादर सोडायला लावली.

त्या रात्रीच्या जेवणाला मी त्यांच्याकडे होतो. आई आणि मुलगी बोलत होत्या, पण माझ्यामार्फत.

“मामा, आईला सांगा, मी सात महिने सर्वे केलाय.”

“भाऊ, तिले इचार, कधी केला.”

“जुलैपासून. कॅमेरा लावला होता. दुपारी प्लॉट पूर्ण रिकामा असतो.”

“पावसाळ्यात कोन वाळवन घालस? भाऊ, तिले सांग, भाजी घे.”

मेहुण्यांनी पंखा वाढवला.

हा घोळ कसा झाला ते नंतर माझ्या लक्षात आलं. भाची याच इमारतीत वाढली. तिला बिबडे माहीत नसण्याचं कारण नव्हतं. पण बिबड्यांचा हंगाम म्हणजे परीक्षांचा हंगाम. शाळेची, बोर्डाची, मग कॉलेजची. वर्षानुवर्षं त्या दुपारी ती दार-खिडक्या लावून अभ्यास करत होती आणि तिच्यासाठी बिबडे म्हणजे डब्यात भरून ठेवलेली एक वस्तू होती. डब्याआधीचं ऊन तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिच्या वयाच्या, आमच्याकडच्या शिकलेल्या बहुतेक मुलींचं असंच असावं.

त्यानंतरच्या रविवारी ती मला शहराबाहेर इच्छापोरला घेऊन गेली. तिथल्या एका शेडमध्ये कंपनीची चाचणीची गाडी ठेवली होती. गाडी रिक्षापेक्षा थोडी मोठी, समोरून पाहिली तर मिक्सरच्या भांड्यासारखी. तिला अजून रस्त्यावर धावायची परवानगी नव्हती, त्यामुळे ती शेडच्या आवारातच फिरायची. नियमाप्रमाणे आत एक इंजिनिअर बसलेला होता. भावनगरकडचा, हसरा, दोन्ही हात मांडीवर ठेवून तो लग्नातल्या नवरदेवासारखा बसला होता. गाडी निघाली, वळली, वाटेत झोपलेल्या कुत्र्यासमोर थांबली. कुत्रा उठला नाही. गाडीने हॉर्न दिला नाही. बराच वेळ दोघं एकमेकांसमोर तसेच होते. शेवटी गाडीच मागे आली आणि बाजूने गेली.

“एवढी सभ्य गाडी सुरतेत चालणार कशी?” मी विचारलं.

“तेच सगळे विचारतात,” भाची म्हणाली.

चार्जिंगचं गणित तिने मला तिथे समजावलं. संध्याकाळी सगळे घरी येतात, दिवे, एसी, सगळं एकदम लागतं. त्याच वेळी गाड्याही चार्जिंगला लागल्या तर ट्रान्सफॉर्मर बसतो. दुपारी मात्र सौर वीज भरपूर असते आणि तिला घेणारं कोणी नसतं. चालकाची गाडी दुपारी कुठे असेल ते चालक ठरवतो. बिनचालकाच्या गाडीला आपण सांगू शकतो. म्हणून तिच्या आराखड्यात गाड्या सकाळी धावायच्या, दुपारी कॉमन प्लॉटमध्ये वामकुक्षी घ्यायच्या आणि संध्याकाळी पुन्हा धावायच्या.

“म्हणजे गाड्यांना आणि बिबड्यांना एकच वेळ हवी,” मी म्हणालो.

“हो.” ती गाडीकडे पाहत होती. “मामा, ही जागा गेली तर सगळं काम बडोद्याला हलणार आहे. तिथे एका बिल्डरने मोठी जागा देऊ केलीय. मलाही तिकडे जावं लागेल. आईला सांगू नका.”

“का?”

“ती हो म्हणेल म्हणून.”

बातमीदाराने दिलेली माहिती कधी छापायची नाही, हे डेस्कवरच्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. मी घरी काही बोललो नाही.

होळी झाली. ताईच्या घरच्या बिबड्यांचा दिवस आला. भाचीने रजा घेतली आणि सकाळीच कॉमन प्लॉटवर येऊन उभी राहिली. बायकांनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“सर्वेवाली आली गं! कॅमेरा कुठंय?”

“आज कॅमेरा नाही, मावशी. हात आणलेत.”

“नखं वाढवलीत. घाट्यात एक सापडलं तर तुझ्याच ताटात वाढू.”

तिने नखं कापली आणि बसली. तिचा पहिला बिबडा गुजरातच्या नकाशासारखा झाला. दुसरा जास्त पातळ होऊन फाटला. तिसऱ्याला कोणी नाव ठेवलं नाही. त्याच्याकडे पाहून शेजारच्या बाईने फक्त साडी थोडी आपल्याकडे ओढून घेतली. ऊन चढत गेलं. खाटा संपल्या तशा साड्या जमिनीवर आल्या आणि प्लॉटचा पाऊण भाग व्यापला. समोरच्या इमारतीतल्या एका घरातून ताक आलं, दुसऱ्या घरातून कांदा आणि तेल. घाट्यावर कच्चं तेल घालून सगळे जेवले. प्रमुखही वाटीभर घाटा घेऊन गेले आणि मग आणखी वाटीभर.

भाची मध्येच मान वर करून गच्चीकडे पाहत होती. वर पॅनेलच्या रांगा तापत होत्या आणि खाली बिबड्यांच्या. तिला काय दिसत होतं हे मलाही कळत होतं: दोन्हींचा धंदा एकच आहे.

थापता थापता ताईने मान न उचलता विचारलं, “बडोद्याले कधी जानं शे?”

भाचीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. माझ्याकडून गेलेलं नव्हतं.

“प्रमुखाच्या बायकोनं सांगितलं,” ताई म्हणाली. “तुझ्या हाफिसातून त्यांना फोन आला होता. आईला समजवा, नाहीतर पोरगी जाईल म्हने.”

“मी त्यांना फोन करायला सांगितलं नव्हतं.”

“म्हाईत शे.” ताईने पाण्यात हात बुडवला. “तुनी नोकरी तुनी शे, पोरी. ऊन सगळासनं शे. तुझ्यासाठी मी माझं देईन. हिचं कसं देऊ, तिचं कसं देऊ?”

शेजारची बाई म्हणाली, “माझं देऊन टाक ताई, मला यंदा पाठदुखी आहे.”

“तू गप. तुझ्या पाठदुखीचे बिबडे मागच्या साली मीच केले.”

सगळ्या हसल्या. भाचीही हसली, पण मग ती खाली मान घालून थापत राहिली. ताईने एकदाच तिच्याकडे पाहिलं. “मंग बडोद्याले बिबडा कोन धाडी,” ती म्हणाली. प्रश्न कोणालाच नव्हता.

दुपार कलल्यावर भाची प्लॉटच्या कडेला गेली आणि कंपनीच्या अहमदाबादच्या साहेबांना फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण तिचे हात घाट्याने भरलेले होते. त्यामुळे तो सगळ्यांनी ऐकला.

तिने सांगितलं की छत काढून टाका. होळी ते आखाजी, ज्या दिवशी इथे वाळवण असेल त्या दुपारी ही जागा बंद ठेवा. त्या दिवशी गाड्या शेजारच्या सोसायटीत पाठवा.

“वाळवण एटले?” वाळवण म्हणजे काय, साहेबांना कळेना.

“बिबडा, सर.”

“पापड?”

“पापड नथी, सर. बिबडा.”

“एटले?”

भाचीने बायकांकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “एटले... पापड.”

प्लॉटवरून निषेधाचा आवाज उठला तो अहमदाबादपर्यंत गेला असावा.

साहेबांची शंका रास्त होती. आज इथे बिबडे, उद्या शेजारी आणखी काही. शेजारचा प्लॉटही बंद निघाला तर गाड्या जाणार कुठे? भाची म्हणाली, प्रत्येक सोसायटीत काहीतरी असणारच. कुठे लग्नसराई, कुठे गणपतीच्या मूर्तींचं रंगकाम, कुठे गाद्या-रजयांचा कापूस पिंजणं. पण सगळीकडे एकाच दिवशी असणार नाही. आज कॅमेऱ्यात जो प्लॉट रिकामा दिसतो, तो वर्षातून कधी भरतो हे आधी विचारून घेतलं तर गाड्यांना दुसरीकडे वळवणं अवघड नाही. चालक असता तर कुरकुरला असता. ही गाडी सांगितलं तिथे जाते. सगळी योजना त्यावरच तर उभी आहे.

“पण आ बधुं पूछशे कोण?” साहेब म्हणाले. “सोसायटीए सोसायटीए?”

“हुं पूछीश, सर,” विचारायचं काम भाचीने स्वतःकडे घेतलं.

मग साहेबांनी विचारलं, गाडी खरंच वळून जाते हे तिथल्या लोकांना दाखवता येईल का? तोंडी सांगून कोणी मानणार नाही. तेही मानणार नाहीत आणि आपले वरचेही नाहीत.

अशा रीतीने मार्चच्या शेवटी, पाठदुखीवाल्या बाईंच्या बिबड्यांच्या दिवशी, गाडी आमच्याकडे आली. ती टेम्पोत बसून आली. स्वतः चालणारी गाडी टेम्पोतून उतरताना पाहण्यासाठी दोन्ही सोसायट्यांची माणसं बाल्कन्यांत उभी होती. तिने काय चालावं ते नंतर, पण उतरताना तिला चार माणसांनी धरलं होतं. प्रमुखांनी नारळ आणून ठेवला होता. फोडायचा कुठे यावर थोडा वाद झाला, कारण गाडीला समोरची बाजू कोणती ते नक्की होत नव्हतं.

आमचा आणि शेजारच्या सोसायटीचा आतला रस्ता एकच आहे, त्यामुळे सार्वजनिक रस्त्याचा प्रश्न नव्हता; शेजारच्या प्लॉटवर चाचणीपुरता एक पाटही ठेवला होता. गाडीला सांगण्यात आलं होतं: दुपारी चार्जिंगला जा. आमच्या प्लॉटपुढे त्या दिवशी बंदची खूण होती. भावनगरचा इंजिनिअर आत बसला, हात मांडीवर. गाडी रस्त्याच्या टोकावरून निघाली, हळूहळू आमच्या फाटकापाशी आली आणि थांबली. आत साड्यांवर बिबड्यांच्या रांगा होत्या. सगळं शहर पाहायला जमतं तशी माणसं जमली होती, आणि पाहायचं एवढंच होतं की गाडी आत येत नाही.

ती आत आली नाही. पुढची चाकं वळली.

“आवी ने गई?” येऊन गेलीसुद्धा का, असं प्रमुखांनी विचारलं. ते फेटा बांधून आले होते.

“गई नथी, काका, जाय छे,” भाची म्हणाली.

तेवढ्यात ताई हातात ताट घेऊन बाहेर आली. “थांबा. भर दुपारी दारातून कोनी जेवल्याबिगर जास का?”

“आई, गाडीला काय जेवण!”

“गाडीले नही. आत मानूस बठेल शे ना.”

तिने दार उघडून ताट इंजिनिअरच्या मांडीवर ठेवलं: घाटा, तेल, कांदा आणि तळलेला एक बिबडा. दार उघडं असल्यामुळे गाडी जागची हलेना. ती तिची सवय होती. फोनवर अहमदाबादचे साहेब विचारत होते की गाडी अडकली आहे का, काही बिघाड आहे का. भाचीने त्यांना सांगितलं की बिघाड नाही, पाहुणा जेवतो आहे. इंजिनिअरला घाटा नवा होता. पहिला घास त्याने सावधपणे घेतला, नंतरचे नाही. बाल्कन्यांतून त्याला तेल आणखी घ्यायचा सल्ला मिळत होता. ताट रिकामं झालं, दार लागलं आणि गाडी शेजारच्या प्लॉटकडे वळून तिथल्या पाटावर बरोबर मधोमध जाऊन उभी राहिली. बाल्कन्यांत टाळ्या झाल्या. नारळ कोणीतरी मागच्या बाजूला फोडला.

संध्याकाळी सभा प्लॉटच्या कडेलाच भरली, कारण मधली जागा मोकळी नव्हती. प्रमुखांनी विचारलं, कोणाची हरकत? कोणी बोललं नाही. संमती कोणाची? पहिला हात ताईचा होता. मनगटापर्यंत घाटा वाळून पांढरा झालेला. मग तिच्या रांगेतले सगळे हात वर गेले. पाठदुखीवाल्या बाईंचा सर्वांत उंच होता.

बडोद्याचं काम दुसऱ्या कोणाकडे गेलं. भाची आता सुरतभर सोसायट्यांमध्ये बायकांना विचारत फिरते की तुमच्या प्लॉटवर वर्षभर काय काय होतं, आणि प्रत्येक ठिकाणी जेवून येते. पण हे नंतरचं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी ऊन कालच्यासारखंच होतं. बिबडे सोडवून उलटायला भाची सकाळीच खाली आली होती.